सोळाव्या होलवरचे दोन फटके

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला, बहरीनमधल्या रिफाच्या ड्रायव्हिंग रेंजवर, सात नंबरच्या कप्प्यामागे ठेवलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत तुम्ही गेलात. रेंज म्हणजे गोल्फच्या फटक्यांचा सराव करायचं मैदान. तिथे त्या वेळी दोनच माणसं होती, तुम्ही आणि बँकेतले कुलकर्णी. कुलकर्ण्यांनी नववा चेंडू मारला, तो नेहमीप्रमाणे उजवीकडे गेला, आणि मागून शेरा आला नाही. म्हणून त्यांनी वळून पाहिलं. रुग्णवाहिका सहा वाजून सव्वीस मिनिटांनी पोहोचली. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असं लिहिलं.

इनासभाऊ, तुमचं मृत्यूवृत्त मीच लिहिलं, एकशे दहा शब्दांत. वय, वसईतलं गाव, हॉटेलच्या लाँड्रीतली पहिली नोकरी, मग रेंजवरची, मग शिकवणं, मागे पत्नी आणि दोन मुलं. ते सगळं इथे पुन्हा सांगत नाही. पहिल्या मसुद्यात आणखी एक वाक्य होतं: गेल्या हिवाळ्यात त्यांनी वाळूच्या कोर्सवरचा वार्षिक कप जिंकला. मी ते काढलं आणि मजकूर पुढे पाठवला. डेस्कवरच्या मुलीने खातरजमा म्हणून जुन्या अंकांत तुमचं नाव शोधलं. तिला माझीच बातमी सापडली. महत्त्वाची गोष्ट राहून गेली असं समजून तिने ते वाक्य परत घातलं. तिचं काही चुकलं नाही. तिला हेच शिकवलेलं आहे, आणि शिकवलं मी आहे. बुधवारच्या अंकात ते छापून आलं.

ते वाक्य खोटं आहे. मला ते सात महिने माहीत होतं आणि मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठी.

आपली पहिली भेट सहा वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारची. दैनिकातला एक इंग्रज सहकारी देश सोडून जाताना त्याची गोल्फची पिशवी माझ्या गळ्यात मारून गेला होता. मी रेंजवर गेलो, पहिला फटका मारला, चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी पुटपुटलो, "अरे देवा."

मागून मराठीत आवाज आला. "देवाला कशाला ओढतोस मध्ये? स्टिक काय त्याने धरलीय?"

तुम्ही चेंडू गोळा करायची जाळीची टोपली घेऊन उभे होता.

"कुठला?"

"नाशिकचा."

"काम?"

"पेपरात आहे."

"तरीच. पेन धरल्यासारखी धरलीयस. तेही कोणावर तरी राग काढत." टोपली खाली ठेवून तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत. "राजेळी केळं बघितलंयस कधी? नाशिकवाल्याला द्राक्षंच माहीत असणार. आमच्या वसईचं केळं ते. पिकलं की हातात असं धरायचं, साल काळी पडता नये आणि हातातून सुटता नये. धर बघू."

मी धरली. तिसरा चेंडू हवेत गेला. फार लांब नाही, पण गेला. तुम्ही म्हणालात, "बस. आज एवढंच."

मला वाटलं, तुम्ही कंटाळलात. नंतर कळलं की ती तुमची पद्धत होती. एका दिवशी एकच गोष्ट. ती जमली की विद्यार्थ्याला घरी पाठवायचं, जमली नाही तरी दुसरी सांगायची नाही. पिशवीतल्या चौदा स्टिकांपैकी फक्त सात नंबरची मी चार महिने वापरली. "बाकीच्या तेरा बायकोला दे, कपडे वाळत घालायला होतील," असं तुम्ही सांगितलं होतं. सुट्टीहून परत येताना तुम्ही सुकेळी आणायचा. वाळवलेल्या राजेळी केळ्यांचं ते पाकीट माझ्यासमोर धरून म्हणायचा, "हे बघ, तुझ्या हातात महिनाभर राहिलेलं केळं."

कुलकर्णी पुण्याचे, बँकेत वरच्या जागेवर. ते रोज एक नवीन व्हिडिओ बघून यायचे आणि तुम्हाला सांगायचे की खांदा अमुक अंशात वळला पाहिजे. तुम्ही पूर्ण ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, "कुलकर्णीसाहेब, तुमच्या एका फटक्यात तीन माणसं आहेत. स्टिक वर नेणारा एक, खाली आणणारा दुसरा, आणि बॉल शोधायला जाणारा तिसरा. त्यातल्या तिसऱ्याचं काम मला आवडतं." कुलकर्णी हसायचे. मंगळवारी त्यांनी मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "आज ते काही बोलले नाहीत हो."

पहिल्या वर्षाच्या शेवटी तुम्ही मला वाळूच्या कोर्सवर नेलंत. त्याआधी आपण बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत एका कार्पेटवाल्याकडे गेलो होतो. तुम्ही प्लास्टिकच्या गवताचा एक फुटाचा तुकडा कापून मागितला. दुकानदार मलबारी होता. त्याने हिंदीत विचारलं, एक फुटात काय करणार? तुम्ही म्हणालात, "शेती."

तो तुकडा म्हणजे मॅट. ज्यांनी हा कोर्स पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे गवत नाही. अठराच्या अठरा होल वाळूत आहेत. मधली वाट आखलेली असते, तिथे चेंडू पडला तर तो उचलून आपल्या मॅटवर ठेवून मारायचा. वाटेबाहेर गेला तर मॅट नाही, वाळूत जसा असेल तसा मारायचा. शेवटी झेंड्याभोवती तेल घालून दाबलेल्या वाळूचा गोल असतो, त्याला ब्राउन म्हणतात. खेळून झालं की मागच्या माणसासाठी तो झाडून ठेवायचा. पहिल्या दिवशी तुम्ही मला खेळूच दिलं नाहीत. नऊ ब्राउन झाडायला लावलेत आणि मागून चालत राहिलात. सखीरच्या सर्किटवर शर्यतीच्या गाड्यांचा सराव चालू होता, त्याची घरघर तिथपर्यंत येत होती. नववा ब्राउन झाडून झाल्यावर तुम्ही माझ्या हातातला झाडू काढून स्टिक दिलीत. "आता झाडलंस तसंच बॉलला झाड." पाच फुटांवरून चेंडू आत गेला. तेव्हा माझी पाठ दुखत होती, म्हणून आभार मानायचे राहिले.

आपला एक वाद कधी संपला नाही. आमच्या पेपरात दोन ठिकाणी विचारल्याशिवाय काही छापत नाहीत, याचा मला अभिमान होता. तुम्हाला त्याची गंमत वाटायची.

"आणि चुकलं तर?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो."

"कुठे?"

"आतल्या पानावर."

"केवढ्या अक्षरात?"

मी उत्तर टाळलं की तुम्ही खुर्चीत मागे टेकायचा. "आमच्यात चूक झाली की त्याच जागी, त्याच मिनिटाला सांगायची. पंच नाही, कॅमेरा नाही. कोणी बघितलं नसेल तर तूच बघितलंयस."

मी म्हणायचो, एकाच माणसाच्या शब्दावर चालणारा खेळ म्हणजे बातमीदारीच्या दृष्टीने फारच कच्चा कारभार. तुम्ही म्हणायचा, "म्हणूनच तर तुम्हाला जमत नाही, पेपरवाले." हे संभाषण दर दोन-तीन महिन्यांनी व्हायचं.

तुमच्याकडे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र नव्हतं. गवताच्या मोठ्या कोर्सवर तुम्हाला शिकवायला परवानगी नव्हती. तिथले प्रमाणित कोच तुमचे विद्यार्थी बिघडले की दुरुस्त करायला घेत आणि दुरुस्त झाले नाहीत की परत रेंजवर पाठवत. याबद्दल तुम्ही कधी तक्रार केल्याचं माझ्या कानावर नाही. साखरेमुळे तुमचा डावा डोळा गेल्या दोन वर्षांत जवळजवळ गेला होता. उजव्याने मोठ्या गोष्टी दिसायच्या. तेव्हापासून तुम्ही विद्यार्थ्याकडे पाठ करून बसायला लागलात. चेंडूवर स्टिक लागल्याचा आवाज ऐकायचा आणि सांगायचा: टाच वर आली, मनगट आधी वळलं, जेवून आलायस. मी तपासून पाहिलं आहे. एका सकाळी तुम्हाला न सांगता मी वीस फटक्यांची नोंद केली. तुमचं सतरा वेळा बरोबर आलं.

वाळूच्या कोर्सच्या क्लबात एक लाकडी बोर्ड आहे, दरवर्षीच्या विजेत्याचं नाव त्यावर पांढऱ्या रंगात लिहितात. वरची नावं इंग्रजांची, खालची बहरिनी, फिलिपिनो, दोन-तीन भारतीय. त्यातल्या चौघांना तुम्ही शिकवलं होतं. तुमचं नाव नव्हतं. तुम्ही पंचवीसेक वर्षं त्या कपात खेळत होता आणि दोनदा दुसरे आला होता. गेल्या हिवाळ्यात रेंज चालवणाऱ्या हॉटेलने सांगितलं की व्हिसा आणखी एकदाच वाढवून मिळेल, मग घरी. म्हणजे तो कप बहुधा तुमचा शेवटचा होता. हे मला माहीत होतं.

कपाच्या दिवशी मी तुमचा मार्कर होतो. गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात, बरोबरचा खेळाडू लिहितो आणि शेवटी दोघं सही करतात. तो लिहिणारा म्हणजे मार्कर. पंधरा होल झाले तेव्हा तुम्ही इतकं चांगलं खेळत होता की मी बोलायचं बंद केलं होतं. पुढच्या जोडीत क्लबचे सचिव अबू खालिद होते. निवृत्त शाळामास्तर, तुमच्याहून थोडे मोठे, कपाचे दुसरे दावेदार. त्यांचा हिशेब मला दूरवरून साधारण कळत होता. फरक एखाद्या फटक्याचा होता.

सोळाव्या होलवर तुमचा दुसरा फटका ब्राउनच्या मागे, वाटेबाहेर गेला. तिथे मॅट चालत नाही. तुम्ही वाळूत पाय रोवलेत, स्टिक चेंडूमागे टेकवलीत. मी चार फुटांवर होतो. तुमच्या प्रत्येक चेंडूवर लाल पेनाचा ठिपका असायचा, तो वरच्या बाजूला होता. स्टिक वाळूला लागली, वाळू किंचित खचली, चेंडू अर्धा फिरला आणि दोन बोटं बाजूला जाऊन थांबला. ठिपका खाली गेला.

तुम्ही मान वर केलीत. "हलला का रे?"

मी म्हणालो, "नाही."

तुम्ही दोन-तीन सेकंद थांबलात. मग मारलात. चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला, पुढच्या फटक्यात आत गेला. मी कार्डावर चार लिहिले.

खेळाडूच्या स्टिकमुळे चेंडू हलला तर तो परत जागेवर ठेवायचा आणि एक फटका दंड. न ठेवता तसाच मारला तर दंड दोन फटके. चारचे सहा व्हायला हवे होते. हा नियम मला तुम्हीच शिकवला होता. तुमचे एकूण सत्त्याहत्तर झाले, अबू खालिदांचे अठ्ठ्याहत्तर. मी सही केली, तुम्ही केलीत. कप तुमच्या हातात देताना अबू खालिदांनी तुम्हाला मिठी मारली आणि म्हणाले, "आखिर में, इनास. आखिर में."

मी हे का केलं, ते मला त्या दिवशी माहीत होतं आणि आजही माहीत आहे. मला तुमचं नाव बोर्डावर हवं होतं. दुसरं कारण नाही.

परतताना गाडीत तुम्ही कप मांडीवर घेऊन बसला होता. रिफाच्या सिग्नलला म्हणालात, "पेपरात नको घालूस."

"का? बातमी आहे."

"नको म्हटलं ना."

मी ते संकोच समजलो. तिसऱ्या दिवशी दोन कॉलमांत बातमी आली, फोटोसकट. मी ती फिलोमिना वहिनींना वसईला पाठवली. तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, अंकही मागितला नाहीत. एरवी तुमच्या विद्यार्थ्याचं नाव शेवटच्या ओळीत आलं तरी दोन अंक घेऊन जायचा.

त्यानंतरचे सात महिने आपण दर शुक्रवारी भेटलो. त्या काळात तुम्ही मला एकच फटका शिकवलात: रेंजच्या कोपऱ्यातल्या वाळूतून, मॅटशिवाय, छोटा. मी एकदा वैतागलो.

"किती दिवस तोच फटका घेऊन बसलाय, इनासभाऊ?"

"कच्चा आहे तुझा."

"आता तरी बरा पडतो."

"बॉल बरा पडतो. तू कच्चा आहेस." आणि निघताना दर वेळी विचारायचा, "क्लबात जाऊन आलास का?"

"वेळच मिळत नाही, शिफ्ट बदललीय."

"जा कधीतरी. यल्ला, नीघ आता."

शिफ्ट बदलली होती हे खरं आहे. वेळ मिळत नव्हता हे खरं नाही. मला त्या बोर्डासमोर उभं राहायचं नव्हतं. तुमच्या हट्टी प्रश्नाचा अर्थ मी असा लावला होता की खऱ्या वाळूवर सराव कर, एवढंच तुम्ही सांगताय. सांगायचं मी तीनदा ठरवलं. एकदा गाडीतून उतरून तुमच्या खुर्चीपर्यंत आलो आणि तुम्ही मागे वळून न बघता म्हणालात, "आज पाय जड पडतायत तुझे. काय झालं?" मी सांगितलं, झोप झाली नाही.

बुधवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मृत्यूवृत्ताचा फोटो त्यांना कोणीतरी पाठवला होता. रडून झालेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "भाऊ, सामान येईल तेव्हा येईल. तो कप तेवढा त्यांच्याबरोबरच पाठवा. शेवटी ठेवायचाय त्यांच्याजवळ."

मी हो म्हणालो. कुलकर्णी आणि मी तुमची खोली आवरली. सहा शर्ट, घडी करून. क्रूस, जपमाळ, डोळ्यांचे थेंब, साखरेच्या गोळ्या. रेंजवरून बाद केलेल्या चेंडूंची पिशवी, सगळ्यांवर लाल ठिपके. तुमची मॅट, कडेला धागे निघालेली. कपाटाच्या आत विद्यार्थ्यांच्या बातम्यांची कात्रणं टाचलेली होती. माझं दोन कॉलमी कात्रण त्यात नव्हतं. कप नव्हता. आम्ही पलंगाखाली बघितलं, वरच्या बॅगा काढल्या. कुलकर्णी म्हणाले, "असा कसा जाईल? केवढा होता तो!"

गुरुवारी दुपारी मी क्लबात गेलो. अबू खालिद सचिवांच्या खोलीत एकटेच होते. त्यांचं हिंदी मनामाच्या सूकमधलं, म्हणजे बाजारातलं, आहे.

"तुम आया," ते म्हणाले.

"आया. इनासभाईका कप..."

"सात महीना लगा. बैठो."

त्यांनी खण उघडून एक पाकीट काढलं. त्यात तुमचं त्या दिवशीचं कार्ड होतं. सोळाव्या होलसमोर माझ्या अक्षरात चार होते, त्यावर एक सरळ रेघ आणि शेजारी तुमच्या अक्षरात सहा. खाली सत्त्याहत्तर खोडून एकोणऐंशी. दोन्ही ठिकाणी तुमची छोटी सही, आणि तारीख कपाच्या दुसऱ्या दिवसाची. दुरुस्तीला मार्करचीही सही लागते, ती जागा मोकळी होती.

पुढचं मी अबू खालिदांच्या सांगण्यावरून लिहितो. दुसरा कोणी साक्षीदार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तुम्ही टॅक्सीने क्लबात गेलात, त्यांच्याही आधी. ते आले तेव्हा तुम्ही सोळाव्या होलमागे वाळूत गुडघ्यांवर बसला होता आणि डोळा अगदी खाली नेऊन काही बघत होता. आदल्या संध्याकाळपासून वारा नव्हता. तुमच्या फटक्याचा ओरखडा वाळूत जसाच्या तसा होता. हलण्याआधी चेंडू ज्या खळीत बसला होता ती खळी ओरखड्याच्या शेजारी, दोन बोटांवर, शाबूत होती. तुम्ही त्यांना दोन्ही दाखवलंत. म्हणालात, "शंका मला होती. ती मी मार्करवर टाकली, ती माझी चूक." मग कप त्यांच्या टेबलावर ठेवलात आणि कार्ड मागून घेतलंत.

अबू खालिद म्हणाले की निकाल लागून गेला आहे, नियमाने आता तो बदलायची गरज नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. मग ते म्हणाले, ही दुरुस्ती माझ्याच फायद्याची आहे, ती मी एकटा कशी मान्य करू? मार्करची सही होईपर्यंत मी कप घेणार नाही आणि बोर्डावर नावही लिहिणार नाही. ते मला फोन लावायला निघाले होते. तुम्ही त्यांचा हात धरलात.

"क्या बोला वो?" मी विचारलं.

"बोला, मत बुलाओ. आएगा." अबू खालिदांनी चष्मा काढून पुसला. "हर महीना मैं पूछा, इनास, वो आया नहीं. हर महीना वो बोला, इंशाल्ला."

थोड्या वेळाने त्यांना आणखी एक आठवलं. त्या सकाळी वाळूतून उठताना तुम्ही हसला होता. म्हणाला होता, दोन ठिकाणी विचारायचं, हे मला त्या पेपरवाल्याने शिकवलं.

चेंडू हलल्याचं तुम्हाला त्या क्षणी किती दिसलं, आणि माझ्या 'नाही'च्या आवाजावरून काय कळलं, याची खात्री आता कोणाकडून करून घेता येणार नाही. कप काचेच्या कपाटात होता, मागच्या रांगेत, कापडात गुंडाळलेला. बोर्डावर गेल्या हिवाळ्याची ओळ रिकामी होती.

मी अबू खालिदांना सांगितलं की चेंडू हलला होता, मी चार फुटांवरून पाहिला होता आणि विचारल्यावर नाही म्हणालो होतो. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी पेन धरलं तेव्हा बोटांची नखं पांढरी झाली होती. मी ते खाली ठेवलं आणि पुन्हा धरलं, सैल.

निघताना सोळाव्या होलवर जाऊन आलो. वाळूत काही राहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी संपादकांना दुरुस्ती दाखवली. त्यांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"बातमीदाराची."

"त्याला माहिती कोणी दिली होती?"

"त्याने स्वतः पाहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मजकुरावर खूण केली. आतल्या पानावर नको, अशी विनंती मी केली. शुक्रवारी ती खेळाच्या पहिल्या पानावर, बातमीच्या अक्षरात आली. तीत तुमचं नाव आहे, अबू खालिदांचं आहे, आणि मार्कर म्हणून माझं आहे.

वहिनींना छापून येण्याआधी फोन केला. सगळं सांगितलं. फोन कट झाला असं वाटून मी हाक मारली.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "म्हणजे जिंकले नव्हते."

"नाही, वहिनी. एका फटक्याने हरले. खोटं मी लिहिलं."

"तरीच. जिंकलेला माणूस फोनवर असा ताप आल्यासारखा का बोलतोय, म्हणून मी दोनदा विचारलं होतं. म्हणाले, काय नाय, एका पोराची वाट बघतोय." त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला. ते पोर म्हणजे मी, मला यंदा पन्नासावं लागलं आहे. "तो हिरवा तुकडा आहे का त्यांचा? मॅट?"

"आहे."

"तोच पाठवा मग. सुट्टीवर आले की वाडीत नारळाखाली टाकून ठोकत बसायचे. कोंबड्या नुसत्या पळायच्या. मी ओरडायचे." मग म्हणाल्या, "धुवू नका हां. आहे तसाच पाठवा."

मॅट शनिवारी तुमच्याबरोबर गेली. कागदपत्रांत तिची नोंद 'प्लास्टिकचा गालिचा, एक, वापरलेला' अशी आहे. विमान वेळेवर सुटलं. काल, रविवारी, दुपारी चार वाजता तुमच्या गावच्या चर्चच्या दफनभूमीत विधी झाला. वहिनींनी मॅट आपल्या हाताने आत ठेवली, असं तुमच्या मुलाने फोनवर सांगितलं.

आज सकाळी अबू खालिदांनी बोर्डाचा फोटो पाठवला. गेल्या हिवाळ्याच्या ओळीत त्यांचं नाव आहे, रंग ओला दिसतो. बोर्डाखाली त्यांनी तुमचं कार्ड काचेत लावलं आहे. सोळाव्या होलसमोर सहा. एकूण एकोणऐंशी. खेळाडूची सही आहे. मार्करची सही आहे.